कोकणच्या हवेत पाइपची तंबाखू कशी मुरवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही देवगडचे, बोटीवर नोकरी, चार-पाच वर्षांपासून पाइप ओढता. दर कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी येताना एक-दोन डबे आणत आणत वीसेक डबे जमले. यंदा गणपतीला घरी आलात तेव्हा दोन चौकोनी डब्यांच्या कडेला गंज दिसला, एका बरणीत तंबाखूच्या कापांवर पांढरं काहीतरी दिसलं, आणि घरचे म्हणाले की हे सगळं एक तर फ्रिजमध्ये टाक, नाहीतर समुद्रात. तुम्ही विचारता : ते पांढरं काय, गंजाचं काय करायचं, फ्रिज बरा का, व्हॅक्यूम मशीन घ्यावं का, आणि साठवायची तर किती.

मीही बोटीवरच होतो. आता रत्नागिरीजवळ गावी असतो आणि माजघरातल्या एका कपाटात वेगवेगळ्या सालांच्या बरण्या सांभाळतो. त्या आधारावर सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. तंबाखू मुरवण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसांनी त्यांच्या हवेला धरून लिहिलेलं असतं. तिथे थंडीत घरं तापवतात, हवा कोरडी पडते आणि तंबाखू वाळून चुरा होते. त्यामुळे ओलावा कसा टिकवायचा, वाळलेलीला पाणी कसं द्यायचं, यावर त्यांचा सगळा भर. आपल्याला ते उपयोगाचं नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या काळात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस 85-90 टक्क्यांच्या आसपास असते. तंबाखूचं पान आजूबाजूच्या हवेशी ओलाव्याची बरोबरी करत राहतं. 60 ते 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत ते ओढायला योग्य अशा ओलाव्यावर, म्हणजे वजनाच्या साधारण 13 ते 15 टक्क्यांवर स्थिरावतं. 70 टक्क्यांच्या पुढे हवा गेली की बुरशीला वाव मिळतो. आषाढात उघडी राहिलेली तंबाखू एका रात्रीत सादळते. आपली लढाई ओलाव्याशी आहे, आणि तिचा निकाल बरणी बंद करण्याच्या दिवशीच लागतो. आत जेवढं पाणी आणि जी हवा कोंडली, तीच पुढची दहा वर्षं आत राहणार.

म्हणून बरणी भरायचा हंगाम दिवाळी ते शिमगा. त्यातही दुपारची वेळ धरा, साधारण अकरा ते चार, मतलई वारा सुटलेला असेल तर फारच उत्तम, कारण तो घाटाकडून कोरडा येतो. सकाळी दव असतं आणि संध्याकाळी समुद्राकडची ओल चढते. आगोटीची म्हणून आपण मीठ-मिरची-सुकट मे महिन्यात भरतो, पण तंबाखूला मे उशीर झाला. वळवाच्या आधीची हवा अंगाला चिकटते, ती बरणीतही चिकटेल. तुम्ही गणपतीला घरी येता तेव्हा बरण्या उघडून बघण्याचा मोह होतो हे मला ठाऊक आहे. तो आवरा. बाहेरून बघा, वजन करा, आणि परत ठेवा.

आता मुरते म्हणजे काय होतं ते. बंद डब्यात सुरुवातीला थोडा ऑक्सिजन असतो. तो हळूहळू वापरला जातो. मग ऑक्सिजनशिवाय चालणाऱ्या संथ क्रिया सुरू राहतात. पानातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात प्रक्रिया होऊन रंग गडद होतो, कच्चा गवताळ तिखटपणा जातो, आणि सुक्या मेव्याकडे झुकणारा गोडसर गंध येतो. सहा महिन्यांत थोडा फरक कळतो, पाच वर्षांत स्पष्ट कळतो. त्यापुढे बदल संथ होत जातो. दहा वर्षांची ती पाच वर्षांच्या दुप्पट चांगली, असा हिशेब लागत नाही.

यावरून कोणती तंबाखू ठेवावी तेही ठरतं. ज्या पानात साखर जास्त ते पान जास्त मुरतं. व्हर्जिनिया हे त्यातलं पहिलं. ते पान बंद कोठारात नळांमधून फिरवलेल्या गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकून राहते. साध्या व्हर्जिनियाचे फ्लेक, म्हणजे दाबून केलेल्या लादीचे पातळ काप, हे साठवणुकीसाठी सगळ्यात खात्रीचे. त्यात पेरीक मिसळलेलं असेल तर आणखी छान. पेरीक म्हणजे अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबाखाली महिनोन्महिने आंबवलेलं पान. त्याला स्वतःची मिरीसारखी झणझणी असते आणि वर्षांबरोबर ती व्हर्जिनियात विरघळते. माझ्या कपाटात निम्म्याहून जास्त बरण्या या जोडीच्या आहेत.

बर्ली ही तंबाखूची दुसरी जात हवेवर वाळवतात, त्यात साखर जवळजवळ उरत नाही. ती बिघडत नाही पण फार बदलतही नाही. पोत थोडा मऊ होतो एवढंच. लटाकिया, जी आता मुख्यतः सायप्रसमधून येते आणि लाकडाच्या धुरावर धुरवलेली असते, तिचा धुरकट कडकपणा काळाबरोबर उतरत जातो. ज्याला तो कडकपणाच आवडतो त्याने लटाकियाचं मिश्रण तीन-चार वर्षांत संपवावं. ज्याला तिच्याखालची व्हर्जिनिया आणि तुर्की पानं पुढे यायला हवीत त्याने थांबावं. मी पहिल्या जातीतला आहे, माझ्याकडे लटाकिया टिकत नाही.

आणि व्हॅनिला, चेरी, रम अशा वासांच्या ज्या गोड तंबाखू मिळतात, त्या मुरवायला ठेवूच नका. त्यांचा वास वरून दिलेला असतो, तो उडतो, आणि खाली उरतं ते सामान्य पान. त्यातल्या बऱ्याचशांत ओलावा धरून ठेवण्यासाठी प्रोपिलिन ग्लायकॉल घातलेलं असतं. त्यामुळे त्यांना बुरशी सहसा कमी लागते, पण आपल्या पावसाळ्यात त्या इतक्या ओलसर राहतात की पाइपमध्ये नुसत्या उकळतात. तुमच्या यादीत असे पाच डबे दिसतात. ते आधी ओढून संपवा, किंवा मित्रांना द्या.

आता पांढऱ्याबद्दल. तुम्ही फोटो काढताना प्रकाश वरून टाकला आहे, त्यामुळे मला निश्चित सांगता येत नाही. पण तुम्हाला घरीच ठरवता येईल. सोनारकाम करणाऱ्यांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, आणि दिवसाउजेडी बरणीच्या काचेतून बघा. मुरलेल्या व्हर्जिनियावर बारीक स्फटिक येतात. लोक त्यांना साखर म्हणतात, पण ती बहुधा साखर नसते, पानातल्या आम्लांचे आणि क्षारांचे कण असतात. ते चपटे, चकाकणारे, कापाच्या पृष्ठभागावर विखुरलेले असतात. बरणी हलकेच फिरवली की उन्हात लुकलुकतात. बुरशी लुकलुकत नाही. ती कापसासारखी उठून येते, भिंगाखाली तंतू दिसतात, एका कापावरून दुसऱ्यावर जाळं विणते, आणि बहुतेक वेळा झाकणाजवळ किंवा जिथे पान काचेला टेकलं आहे तिथून सुरू होते, कारण दव तिथेच धरतं. रंग पांढऱ्यापासून राखाडी-हिरव्यापर्यंत काहीही असू शकतो.

भिंगानेही शंका राहिली तर मात्र बरणी उघडावी लागेल. उघडल्या उघडल्या वास घ्या. मुरलेल्या तंबाखूला आंबूस, कधी व्हिनेगरकडे जाणारा वास येऊ शकतो, तो चालतो, थोड्या वेळाने निघून जातो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांना येतो तसा कुबट वास आला तर ती बुरशी. मग वरचं वरचं काढून खालचं ठेवतो असं करू नका. तंतू डोळ्यांना दिसण्याआधी खोलवर गेलेले असतात, आणि बुरशी जाळून तिचा धूर घेण्यात शहाणपण नाही. सगळी बरणी ओता, काच उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, रबराची रिंग फेकून नवी घाला. महाग डबा होता म्हणून जीव तुटतो, पण इलाज नाही.

गंजाचा विषय आपल्याकडे जितका मोठा आहे तितका दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरच्या लेखकाला वाटलेला मी पाहिला नाही. तंबाखूचा डबा म्हणजे पोलादी पत्र्यावर कथलाचा पातळ थर. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड त्या थरातल्या ओरखड्यांत, आणि विशेषतः जिथे पत्रा दुमडलेला असतो त्या कडांत शिरतात आणि खालचं लोखंड खायला लागतात. देवगडला किल्ल्याच्या बाजूला घर असेल तर खिडकीचे गज काय वेगाने जातात ते तुम्ही बघताच. शिवाय आतूनही धोका आहे. व्हर्जिनिया आम्लधर्मी आणि ओलसर असते, आतल्या लाखेच्या थराला कुठे चरा असेल तर तिथे आतून टोचा पडतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, तोवर आतलं वातावरण गेलेलं असतं.

गोल डबे आणि चौकोनी डबे यांत फरक करा. गोल डब्याचं झाकण निर्वात करून बसवलेलं असतं आणि गोलाईमुळे दाब सगळीकडे सारखा पडतो. चांगला गोल डबा वर्षानुवर्षं धरतो. चौकोनी डब्याच्या लांब बाजू हाताच्या दाबानेही लवतात, आणि लवल्या की झाकण सुटतं. विमानाच्या सामानात दाबून आलेला चौकोनी डबा घरी पोचेपर्यंत कधीकधी आतून सुटलेलाच असतो. माझा नियम सोपा आहे : चौकोनी डबा पहिल्याच हिवाळ्यात फोडून काचेत जातो. तुमच्या त्या दोन गंजलेल्या डब्यांचंही तेच करायचं, फक्त आता नाही, जानेवारीत घरी याल तेव्हा. तोवर ते जाड प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवून द्या. उघडाल तेव्हा आतल्या बाजूला गंज आहे का बघा. तंबाखूला गंज लागलेला भाग दिसला, किंवा पत्र्याचा धातूसारखा वास आला, तर ती ओढू नका. गंज नुसता बाहेरच्या कडेला असेल आणि झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला, तर माल शाबूत आहे.

जे गोल डबे तसेच ठेवायचे आहेत ते कोरड्या फडक्याने पुसून, कडेच्या सांध्यावर मेणबत्तीचं मेण हलकं घासा. मशीनचं तेल लावू नका, त्याचा वास जातो कुठे तर आत. मग ते सगळे झाकणाला रबर असलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. इथे एक काळजी : सिलिका जेल पेटीत, डब्यांच्या बाहेर. तंबाखूच्या बरणीत कधीही टाकू नका, ते पान कोरडं ठणठणीत करेल. रंग बदलणारे दाणे घेतले तर कधी तापवून पुन्हा वापरायचे ते कळतं.

प्रत्येक डब्याचं आणि भरलेल्या बरणीचं वजन करून त्यावरच लिहून ठेवा. ही सवय मला इंजिन रूमच्या नोंदवहीने लावली. सराफी काटा आता सहज मिळतो. वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यात, पुन्हा वजन करा. वजन हललं नाही म्हणजे झाकण धरून आहे. कोकणात गळका डबा पावसाळ्यानंतर जड झालेला सापडतो, शिमग्याला हलका. दोन्ही वाईट. बघण्यासाठी झाकण उघडण्यापेक्षा हे फार बरं. चिठ्ठी मात्र कागदाची नको, कसर खाते. काचेवर न पुसणाऱ्या मार्करने लिहा : नाव, डब्यावरची बॅचची खूण, भरल्याची तारीख, वजन.

बरण्या कोणत्या घ्यायच्या? पेचाची पत्र्याची झाकणं असलेल्या बरण्या परदेशात सगळे वापरतात. त्या उत्तम आहेत, पण आपल्या हवेत झाकणाचा पेच दोन-तीन पावसाळ्यांत गंजून काचेला धरतो. मी काचेचंच झाकण, रबराची रिंग आणि स्टेनलेस स्टीलचा अडकवा असलेल्या बरण्या घेतो. अडकवा खरोखर स्टेनलेस आहे का ते बघून घ्या, स्वस्तातला नुसता चकचकीत मुलामा असतो आणि त्याची तार पहिल्या पावसाळ्यातच तांबूस पडते. रबर काही वर्षांनी कडक होतं, चिरा दिसल्या की बदला. घरातल्या चिनी मातीच्या बरण्या कितीही सुरेख असल्या तरी नकोत, त्यांचं झाकण हवाबंद नसतं. दादरा बांधून तर मुळीच नाही. प्लास्टिकच्या पिशव्या महिना-दोन महिन्यांसाठी ठीक, पण त्यांतून वास आणि ओलावा दोन्ही हळूहळू ये-जा करतात.

आकार लहान घ्या. अर्ध्या लिटरच्या बरणीत सुटी तंबाखू साधारण 115 ते 120 ग्रॅम मावते, दाबलेले काप थोडे जास्त. मला पाव लिटरची जास्त आवडते, 50 ग्रॅमचा एक डबा तिच्यात आरामात बसतो. एकदा मुरलेली बरणी उघडली की पुढे दोन-तीन महिन्यांत तिचा गंध उतरणीला लागतो, म्हणून जेवढी लवकर संपेल तेवढीच एका बरणीत असावी. काढताना लोणच्याच्या बरणीचा नियम : हात आणि चिमटा कोरडा, आणि आठवड्यापुरतं वेगळ्या छोट्या बाटलीत काढून मोठी लगेच बंद.

भरण्याआधी बरणी उकळून घ्या आणि मग ओव्हनमध्ये शंभर-एकशेदहा अंशांवर पूर्ण वाळवून थंड करा. फडक्याने पुसून भरू नका. तंबाखू कितपत ओली आहे याचा अंदाज बोटांना यायला वेळ लागतो. दोन बोटांत दाबून सोडली की हळूहळू उमलली पाहिजे, गोळा राहता कामा नये आणि कडकड मोडताही कामा नये. बोटांवर भरवसा नसेल तर मोजा. 10 ग्रॅम तंबाखू 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 8.4 ग्रॅम उरली तर ओलावा 16 टक्के. ती तंबाखू वाया जाते, पण एकदा हे केलं की बोटं शिकतात. गोड वासाच्या तंबाखूवर ही चाचणी करू नका, ग्लायकॉलमुळे आकडा फसवतो. डब्यातून आलेली तंबाखू बहुधा 16 ते 20 टक्क्यांपर्यंत ओली असते. आमच्या भागात साठवायची तर मी ती हिवाळी दुपारी ताटात पसरून, सावलीत, पंख्याविना, 14-15 टक्क्यांपर्यंत आणतो. थोडी कोरडी भरलेली जरा संथ मुरते. ते मला चालतं, जास्त ओली भरून दर भाद्रपदात धास्ती घेण्यापेक्षा.

बरणीत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक घेतलात तर तो आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने चिखलासारखं करा, मापकासोबत बंद डब्यात दिवसभर ठेवा. 75 टक्के दाखवायला हवं. त्यासाठी पाकिटातलं शुद्ध मीठ घ्या. मिठागराच्या खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, पावसाळ्यात ते पाझरतं ते त्याच्यामुळेच, आणि आकडा कमी येतो. आतली आर्द्रता 62 टक्क्यांवर धरून ठेवणाऱ्या पुड्या मिळतात. रोजच्या वापराच्या छोट्या बाटलीत त्या उपयोगी पडतात, मुरवायच्या बरणीत गरज नाही.

फ्रिज. साठवणीसाठी नको. थंडीत मुरण्याची क्रिया जवळजवळ थांबते, मग ठेवायची कशाला? शिवाय फ्रिजमधून काढलेली बरणी कोकणच्या हवेत आली की बाहेरून पाणी सुटतं, आणि झाकण ढिलं असेल तर आतही. आणि विजेवर विसंबणं आपल्याला परवडत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कितीतरी गावं दीर्घकाळ अंधारात होती, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने पुन्हा तारा पाडल्या.

फ्रीझरचा एक खरा उपयोग आहे, तो किड्यासाठी. तंबाखूचा भुंगेरा हा दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस, पाठीला कुबड असलेला किडा. तो तंबाखूपुरता नाही, घरातली हळद, लाल मिरची, धणे यांतही तोच असतो. तीस अंशांच्या आसपासची दमट हवा त्याला मानवते, म्हणजे आपली. कारखान्यात वाफवून दाबलेल्या डबाबंद तंबाखूत तो क्वचित येतो, सुट्या मालात येऊ शकतो. पानांवर टाचणीएवढी भोकं आणि तळाशी बारीक पूड दिसली की समजा. अशा वेळी बरणी बंदच ठेवून उणे 18 अंशांवर आठवडाभर, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग एक दिवस बाहेर, आणि मगच झाकण उघडा. मसाल्याच्या फडताळात तंबाखू ठेवू नका हे यातूनच आलं.

घरात जागा कुठली? चिरेबंदी घर असेल तर माजघर. जांभ्याच्या जाड भिंती, ऊन थेट लागत नाही, दिवस-रात्रीतला फरक कमी. कौलाखालचा माळा नको, दुपारी तापतो आणि रात्री निवतो, त्या ओढाताणीत झाकणं श्वास घ्यायला लागतात. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्याची खोली नको. काचेवर उजेड पडू देऊ नका. सुकट-बोंबील, डांबराच्या गोळ्या, कापूर-उदबत्ती यांच्यापासून दूर, कारण तंबाखू वास उचलते, आणि बोंबलाचा वास आलेली व्हर्जिनिया मी एकाच्या घरी ओढली आहे. नदीकाठी राहत असाल तर खालचा कप्पा रिकामा ठेवा, 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलं.

व्हॅक्यूम मशीनवर पैसे घालवू नका. सुरुवातीचा थोडा ऑक्सिजन मुरण्याला हवाच असतो, आणि हवा ओढताना हलके गंधही ओढले जातात. बरणी गच्च न भरता वर बोटभर जागा सोडा, एवढं पुरे.

किती साठवावं, याचं उत्तर गणिताने द्या, हौसेने नको. एका पाइपला अडीच-तीन ग्रॅम लागतात. रोज एक ओढणारा वर्षाला किलोभर ओढतो. आठवड्याला दोन ओढणारा तीनशे ग्रॅमच्या आसपासच ओढतो. तुम्ही घरी असता तेव्हाच ओढता असं लिहिलं आहे, म्हणजे तुमचे वीस डबे, किलोभर माल, तुम्हाला चार-पाच वर्षं सहज पुरेल. साठा करणाऱ्यांची भीती खरी आहे. 2018 मध्ये अमेरिकेतली मॅक्लेलंड कंपनी बंद पडली आणि त्याच वर्षी डनहिलच्या नावाच्या पाइप तंबाखू बाजारातून गेल्या. त्यातली बरीच मिश्रणं पुढे पीटरसनच्या नावाने परत आली, मॅक्लेलंडची आली नाहीत. पण त्या धास्तीने चाळीस वर्षांची बेगमी करणारी माणसं मी बोटीवर पाहिली आहेत, आणि त्यांची आवड मात्र दर पाच वर्षांनी बदलत गेली. आवडलेल्या मिश्रणाचे दोन डबे घ्या, एक ओढा, एक ठेवा. ठेवलेला दोन वर्षांनी आवडला तर आणखी घ्या. सामानातून येताना 125 ग्रॅमपर्यंतच तंबाखू ड्यूटीशिवाय आणता येते, त्यावरची जाहीर करून पैसे भरून आणायची. साठा स्वतःपुरता ठेवा, विकायच्या भानगडीत पडू नका.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मुरलेली तंबाखू जिभेला सौम्य लागते म्हणून शरीरालाही सौम्य, असं नाही. पाइपच्या धुराने तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि दहा वर्षं बरणीत राहून त्यात काही फरक पडत नाही. उलट गोड लागते म्हणून दुसरा पाइप भरला जातो. मी आठवड्याचे पाइप ठरवून घेतले आहेत ते याच कारणाने.

तर सध्या एवढंच करा. गोड वासाचे पाच डबे बाजूला काढा, ते या सुट्टीत. पावसाच्या दिवसांत ओढायची तंबाखू ताटात पसरून वाळत नाही, उलट भिजते. टेबलावरच्या दिव्याखाली दहा मिनिटं ठेवा आणि मग भरा. गोल डबे पुसून, मेण लावून, सिलिका जेलच्या पेटीत. गंजलेले दोन चौकोनी वेगळे. पांढऱ्या कापांच्या बरणीला भिंग लावून बघा, लुकलुकत असेल तर हात लावू नका. बाकीच्या चौकोनी डब्यांसाठी पाव लिटरच्या बरण्या आत्ताच मागवा. पुढचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय म्हणालात, तेव्हा घरी आल्यावर कोरडी दुपार बघून भरायला बसा.